आधी पडाय शीक
(केम येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

समोर सतरंजीवर बसलेली पोरं-पोरी, मायमाउल्या, आणि कंटाळा आला की पटकन सटकता यावं म्हणून मागं दाराशी उभी असलेली तरुण मंडळी,

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा सहवास मला लाभला नाही. पण त्यांचे विद्यार्थी भेटत आलेत. त्यातल्या प्रत्येकानं एकच आठवण सांगितली, ती म्हणजे प्रार्थनेला उशीर झाला की गुरुजी रागवायचे नाहीत, नुसते बघायचे. ते बघणं मी आज सकाळपासून पाठीवर वागवतोय. म्हणून वेळेत सुरू करतो.

संयोजकांनी फोनवर विषय विचारला. मी म्हटलं, कुंग फू. पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग हळूच विचारणा आली, ''सर, लाठीकाठी नाही का चालणार?''

त्यांचंही बरोबर आहे. उत्तरेश्वराचं गाव, कुंकवाचं गाव, तिथं चिन्यांचं काय काम? पण मंडळी, चीनशी आपल्या जिल्ह्याचं नातं नवं नाही. सोलापुरात १९१० साली जन्मलेला एक मुलगा डॉक्टर झाला आणि १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला. बाकीचे परतले, हा परतला नाही. तिथली भाषा शिकला, तिथल्या मुलीशी लग्न केलं, तोफांच्या आवाजात शस्त्रक्रिया करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथंच गेला. द्वारकानाथ कोटणीस. वय अवघं ३२. आज मी ज्या विद्येबद्दल बोलणार आहे तिचा जगभर गाजावाजा करणारा ब्रूस ली, तोही गेला तेव्हा ३२ वर्षांचाच होता. हा नुसता योगायोग, त्यातून काही काढायचं नाही. पण कोटणिसांचं नाव मी उगीच घेतलं नाही, त्यांच्याकडं परत येतो.

आधी शब्दाकडं येऊ. चिनी माणूस या शब्दाचा उच्चार साधारण 'गोंगफू' असा करतो. सिनेमा बघून आपण समजतो, गोंगफू म्हणजे हवेत उडी, तोंडानं किंकाळी आणि समोरच्याचे दात हातात. लढण्याच्या विद्येला त्यांच्याकडं वेगळा शब्द आहे, 'वुशू'. गोंगफू म्हणजे वेळ आणि कष्ट घालून अंगात मुरवलेली कसोशी. ती चांगल्या आचाऱ्याकडं असते, अक्षर गिरवणाऱ्याकडं असते. चहा नेमानं, नजाकतीनं करण्याच्या पद्धतीलाही त्यांच्यात गोंगफू चहा म्हणतात. तोफा चालू असताना ज्याचा हात हलत नव्हता, त्या आपल्या सोलापूरच्या डॉक्टरकडं जे होतं तेही चिनी माणसाच्या लेखी गोंगफूच.

आता मला सांगा, याला आपल्याकडं शब्द नाही का? गवयाला विचारा, तो रियाज म्हणेल. आणि पैलवानाला विचारा. पैलवान कधी 'व्यायाम करतो' म्हणत नाही. व्यायाम शाळेच्या वेळापत्रकात असतो. पैलवान म्हणतो, ''मेहनत करून आलो.'' जोर मारले, बैठका काढल्या, सपाट्या मारल्या, हौद्याची माती खणली, या सगळ्याला मिळून एकच शब्द, मेहनत. मंडळी, हे गोंगफूचं शब्दशः मराठी भाषांतर आहे, आणि ते कुठल्या पंडितानं केलेलं नाही. तालमीत आपोआप झालं.

इथं एक गोष्ट आधीच निकालात काढतो, नाहीतर शेवटी कोणीतरी उठून विचारेलच. ''कुंग फू मुळात आपलंच ना सर? बोधिधर्म नावाचा भारतीय भिक्षू गेला, त्यानं शाओलिनच्या मठात शिकवलं.'' कथा मोठी गोड आहे. भिक्षू नऊ वर्षं भिंतीकडं तोंड करून बसला वगैरे. पण त्यानं तिथं लढाई शिकवली, हे इतिहासकार मानत नाहीत, ती जोड पुष्कळ नंतरची आहे. आणि समजा मानलं, तरी काय? आपलं म्हणून सांगायचं आणि सकाळी आठ वाजेपर्यंत झोपायचं. मालकी सांगणं हा काही मेहनतीचा प्रकार नव्हे.

आता मी यात कसा पडलो ते सांगतो. 'पडलो' हा शब्द पुढं कामाला येणार आहे.

'एंटर द ड्रॅगन' हा चित्रपट १९७३चा. आमच्यासारख्यांपर्यंत पोचेतो बरीच वर्षं गेली. मी शिकायला पुण्यात होतो, काडीसारखा होतो, आणि वसतिगृहात सगळ्यांचा हक्काचा विनोद होतो. कोणीही यावं, डोक्यावर टपली मारावी. मला कोणाचं आयुष्य बदलायचं नव्हतं, टपली मारणाऱ्या दोन पोरांचे दात तेवढे पाडायचे होते. एका शाळेच्या व्हरांड्यात कुंग फूचा क्लास चालतो असं कळलं. शिकवणारे सर पिंपरीच्या एका कारखान्यात पाळीवर जाणारे, साधे मराठी गृहस्थ. मला वाटलं, आत गेल्या गेल्या लाथ शिकवतील.

त्यांनी उभं राहायला सांगितलं.

पाय खांद्यापेक्षा रुंद, गुडघे वाकवलेले, पाठ सरळ, जणू घोड्यावर मांड टाकलीय. याला चिनी नाव आहे 'माबू', घोड्याची बैठक. म्हटलं, हे काय, कोणीही करेल. पहिलं मिनिट ठीक गेलं. दुसऱ्या मिनिटाला मांड्या गरम झाल्या. तिसऱ्याला थरथरायला लागल्या, आणि मग अशी वेळ आली की मला माझ्या मांड्यांशिवाय जगात दुसरं काही दिसेना. घाम हनुवटीवरून खाली शहाबादी फरशीवर पडत होता आणि मी थेंब मोजत होतो. सर समोर खुर्चीवर बसून शांतपणे कपबशीतून चहा पीत होते. बशीत ओतून. फुंकर घालून. मी सरळ झालो की नजर वर न करता म्हणायचे, ''खाली.''

सहा आठवडे हेच चाललं. सहा आठवडे! आमच्या तुकडीत सुरुवातीला व्हरांडा भरेल एवढी पोरं होती, उरलो सात. गेलेली पोरं काही कमजोर नव्हती, माझ्यापेक्षा दणकट होती. त्यांना लाथ हवी होती, आणि लाथ कुठं दिसत नव्हती. मी का टिकलो? शूर होतो म्हणून नव्हे. दोन महिन्यांची फी आगाऊ भरली होती म्हणून. माणसाच्या आयुष्यातले मोठे बदल पुष्कळदा अशा किरकोळ कारणांवर टेकलेले असतात, ते नंतर आपण चरित्रात गाळतो.

पण त्या सहा आठवड्यांत काहीतरी झालं. थरथर थांबली नाही, पण तिची भीती गेली. थरथरणाऱ्या पायांवर उभं राहता येतं, हे मला एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. परीक्षेच्या हॉलमध्ये, मुलाखतीच्या खुर्चीवर, पुढं वडिलांच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर, मी हजार वेळा त्या घोड्याच्या बैठकीत उभा राहिलोय. कोणाला दिसलं नाही एवढंच. आणि टपली? ती कधी बंद झाली ते मला आठवतच नाही. माझ्याकडं बघून टपली मारावीशी वाटणं बंद झालं असावं. ते दात पाडायचे राहूनच गेले.

आता पडण्याची गोष्ट. तीन महिने झाले, दोन लाथा आल्या आणि दिवाळीला गावी आलो. कोणाला दाखवू आणि कोणाला नको असं झालेलं. पारापाशी सात-आठ पोरं जमवली, ''बघा रे'' म्हटलं, धावत गेलो, उडी घेतली, आणि खाली येताना पाय पडला सांडलेल्या कडब्यावर. आडवा! पोरं हसली, म्हातारे हसले, पाराला बांधलेलं शिंगरूसुद्धा खिंकाळलं.

माझे चुलते, नाना, जुने पैलवान. लंगोट सोडून वीस वर्षं झालेली, कान मात्र तसेच फुटलेले. ते उठून आले. मला वाटलं आता मार बसणार. त्यांनी माझं मनगट धरून उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, ''आरं, लाथंचं ऱ्हाऊ दे. हात टेकून पडलास तू. मनगाट मोडलं आस्तं. आधी पडाय शीक.''

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला तालमीत नेलं. हौदा बंद पडायला आलेला, माती दगड झालेली. आम्ही दोघांनी ती खणली. त्यांनी तीत ताक ओतलं, तेल ओतलं, हळद टाकली, लिंबं पिळली. आणि मग त्या मातीत मला आठ दिवस पाडलं. फक्त पाडलं. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, अंग गोल. सुट्टी संपवून पुण्यात गेलो तर सर नेमकं तेच शिकवायला लागले होते. नानांनी ब्रूस लीचं नाव ऐकलेलं नव्हतं आणि सरांनी हौद्यात पाय ठेवला नव्हता. दोघांनी माझी हनुवटी एकाच जागी दाबून धरली.

मंडळी, मला विचाराल तर ही विद्या माणसाला बदलते ती इथं. जिंकायला तर जग सगळीकडं शिकवतं, शाळेत, शिकवणीत, घरात. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडायचं, आणि पडून न मोडता उठायचं, हे कोण शिकवतं? कुस्तीच्या फडात हजार माणसांसमोर पाठीला माती लागते. ती झटकून समोरच्याच्या गळ्याला गळा लावायचा असतो. आज एका पेपरात मार्क कमी पडले म्हणून आपली पोरं काय करून घेतात ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. त्यांना कोणी पडायला शिकवलं होतं का?

खाशाबा जाधवांचं घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. सगळी कारकीर्द मातीतली, आणि समोर आली मॅट. नियम वेगळे, पकड वेगळी, पायाखालचं सगळंच वेगळं. सहावे आले. आता सहावा नंबर घेऊन परत येणं म्हणजे काय, विचार करा. ना धड हार, ना जीत. पुढची चार वर्षं त्यांनी त्या सहाव्या नंबरावर मेहनत केली. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैशाची पुन्हा तीच रड. गावानं वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराडला त्यांची शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

गोष्ट इथं थांबवली तर टाळ्या पडतात. पण पुढचं ऐका. गुडघा दुखावला, पुढचं ऑलिम्पिक हुकलं. १९५५ साली फौजदार म्हणून पोलिसात लागले आणि बरीच वर्षं नोकरी केली. १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, सोळा वर्षांनी. मग सांगा, कुस्तीनं त्यांचं आयुष्य बदललं का? मिळकतीच्या वहीत बघाल तर फारसं नाही. मी मात्र त्या १९४८ आणि १९५२च्या मधल्या चार वर्षांकडं बघतो. तिथं टाळ्या नव्हत्या, बैलगाड्या नव्हत्या, रोजची पहाट होती. बदल घडला तो तिथं. मिरवणूक म्हणजे त्याची पावती, आणि पावती सगळ्यांनाच मिळते असं नाही.

लांब कशाला, आपल्या करमाळा तालुक्यातलं खडकी. तिथला बाला रफिक शेख. कोल्हापूरला गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली घडला. २०१८च्या सप्टेंबरात आंदळकर वस्ताद गेले आणि डिसेंबरात जालन्याला या पठ्ठ्यानं अभिजित कटकेला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. खडकी ते कोल्हापूर हे अंतर तुम्हाला ठाऊक आहे. घर सोडून तालमीत राहणाऱ्या पोराचं ते वय, ते स्वतःच्या हातानं रांधणं, ते खुराकाचे हिशेब, याबद्दल मी बोलायला नको. इथं बसलेल्या काही बापांनी तो खुराक दूध विकून पुरवलाय.

आता एक नको असलेली गोष्ट. ती टाळली तर हे व्याख्यान जाहिरात होईल. तालमीतून सगळी सोन्यासारखीच माणसं निघतात का? निघत नाहीत. अंगात रग आली, डोक्यात काही नाही, निवडणूक तोंडावर, आणि कोणीतरी गाडी पाठवतो. तुम्ही हसताय म्हणजे तुम्हाला उदाहरणं आठवली. नावं घेत नाही, मला उद्या स्टेशनवर सुखरूप पोचायचंय. कुंग फूच्या क्लासांचंही तेच. कुठं सहा महिन्यांत पट्टा देतात, फोटो काढतात, फी घेतात. विद्या आपोआप सज्जन करत नाही. ती अंगात ताकद भरते, ती ताकद कुठं वळवायची हे शिकवणाऱ्यावर असतं. म्हणून आपल्याकडं वस्ताद बघून पोरगा घालतात, इमारत बघून नाही. पालकांनो, क्लासला पोर घालण्याआधी एकदा संध्याकाळी जाऊन बसा. सर सगळ्यात कच्च्या पोराशी कसं बोलतात तेवढं बघा आणि घरी या.

माझ्यापुरतं सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी कुर्डुवाडीला गाडीत चढल्यावर एका माणसानं जागेवरून माझी कॉलर धरली. माझी बायको शेजारी, कडेवर पोर. त्याचा अंगठा माझ्या गळ्यापाशी, आणि त्याचं मनगट कसं वळवायचं ते माझ्या हाताला डोक्याआधी ठाऊक. हात निम्मा उठलासुद्धा. आणि मला माझा श्वास ऐकू आला, नानांनी पाडताना बाहेर सोडायला लावलेला तो श्वास. मी म्हटलं, ''बसा तुम्ही.'' तो बसला. आम्ही उभ्यानं गेलो. बायको दौंडपर्यंत माझ्याशी बोलली नाही, तिला वाटलं मी घाबरलो. घाबरलो होतोच, पण त्याला नाही. माझ्या हाताला.

आता पोरींकडं वळतो, कारण पुढच्या ओळीतल्या दोघी मघापासून एकमेकींना कोपरानं ढोसतायत. सातव्या शतकात ह्युएनत्संग नावाचा चिनी प्रवासी पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे आपल्या या मुलखात येऊन गेला. त्यानं लिहून ठेवलंय की इथली माणसं मानी, उपकार न विसरणारी, अपमान न सोसणारी. आणि सेनापती हरला तर त्याला दुसरी शिक्षा करत नाहीत, बायकांची वस्त्रं देतात. शरमेनं तो मरतो. गंमत अशी की हाच माणूस चीनला परतल्यावर ६४५ साली बादशहाकडं गेला आणि म्हणाला, मला शाओलिनच्या मठात राहून ग्रंथांचं भाषांतर करू द्या. बादशहानं परवानगी दिली नाही. महाराष्ट्र पाहिलेला माणूस शाओलिनला राहायला निघाला होता, हे मला उगाच आवडतं.

पण त्या शिक्षेकडं बघा. बाईचं वस्त्र म्हणजे हरलेल्याची शरम! आणि तिकडं दक्षिण चीनमध्ये 'विंग चुन' नावाची शाखा, ब्रूस लीनं तरुणपणी शिकलेली. तिची परंपरागत कथा सांगते की ही पद्धत एका भिक्षुणीनं बसवली आणि एका मुलीला शिकवली, जबरदस्तीनं लग्न करू पाहणाऱ्याला अंगावरून झटकून टाकता यावं म्हणून. कथाच आहे ती, इतिहास नाही. पण कोण कुठली कथा सांगतं यावरून माणसं कळतात. आपल्याकडं महिलांची महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली ती मार्च २०२३मध्ये, सांगलीला, आणि प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. पुरुषांची १९६१पासून चालू आहे. मधली बासष्ट वर्षं आपण कोणाची वाट बघत होतो? या दोघींची?

वयस्कर मंडळींसाठी दोन वाक्यं. ताई ची नावाचा याच घरातला संथ प्रकार आहे, पाण्यात चालल्यासारखा. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये कंपवाताच्या १९५ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, चोवीस आठवडे. ताई ची करणाऱ्यांचा तोल दुसरे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा सुधारला आणि नुसतं अंग ताणणाऱ्यांपेक्षा ते पडले कमी. साठीनंतर पडणं म्हणजे काय असतं, ते इथं कोणाला सांगायला नको.

आता कुंकवाच्या गावात कुंकवाबद्दल बोलायचं धाडस करतो, चुकलो तर कान धरा. हळदीचं कुंकू कसं होतं? हळद पिवळी. तिच्यात चुन्यासारखं काही पडलं की ती लाल होते. तो रंग बाहेरून येत नाही, हळदीतच असतो, चुना त्याला बोलावतो. लहानपणी मला हे कळलं तेव्हा वाटलं, झालं, एकदा लाल झाली की झाली. पण अस्सल हळदीच्या कुंकवावर लिंबाचे दोन थेंब टाकून बघा. पुन्हा पिवळं.

मी मध्ये पाच वर्षं सराव सोडला होता. नोकरी, बदली, घर बांधणं, सगळ्यांना असतात ती कारणं. पाच वर्षांनी एका लग्नाच्या मांडवात पोरानं धक्का दिला आणि मी पुन्हा हात टेकून पडलो. अगदी तसाच, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. नाना तेव्हा हयात नव्हते. मनगट मात्र या वेळी मोडलं. हे बघा, अजून पूर्ण वळत नाही. प्लास्टर निघालं त्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर जाऊन घोड्याच्या बैठकीत उभा राहिलो. दीड मिनिट. मग टाकीला धरून बसलो. दुसऱ्या दिवशी एक मिनिट चाळीस.

माझी गाडी उद्या सकाळची आहे. साडेपाचला मी शाळेच्या मैदानावर झेंड्याच्या ओट्यापाशी उभा असेन. यायचं असेल त्यांनी यावं, बूट नसले तरी चालतील. मागं दाराशी उभे असलेल्यांनी तर यावंच, तुमचा उभं राहण्याचा सराव तासाभराचा झालेलाच आहे.